शस्त्रक्रियेपूर्वीचा अंदाज : अंडाशयाच्या कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास आणि पांढुर्णा-सौंसर परिसर

प्रस्तावना

अंडाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हा उपचाराचा मुख्य आधार आहे. परंतु प्रत्येक रुग्ण स्त्रीला पहिल्याच टप्प्यावर शस्त्रक्रिया मानवतेच असे नाही. ही गाठ खरोखर कर्करोगाची आहे काय? पोटात पसरलेला रोग पूर्णपणे काढता येईल काय? आणि हा घाव ती स्त्री सोसू शकेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे पोट उघडण्यापूर्वी मिळविण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्र दोनशे वर्षांपासून करीत आले आहे. प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा थोडक्यात आढावा घेऊन मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर या मराठी भाषक परिसराच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात सौंसर ही छिंदवाडा जिल्ह्याची तहसील होती व प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळला गेली. भाषा, बाजारपेठ, सोयरीक व औषधोपचार यांचा ओढा मात्र नागपूरकडेच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. संत्री व कापूस पिकविणाऱ्या या भागातून मोठ्या आजारासाठी नागपूर गाठणे सोयीचे पडते. पांढुर्ण्याहून ते रेल्वेने व रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर आहे, सौंसरहून त्याहीपेक्षा जवळ. भोपाळ मात्र त्याच्या दुपटीहून अधिक दूर आहे.

पहिली शस्त्रक्रिया व पहिल्या नोंदी

अंडाशयाची गाठ यशस्वीपणे काढण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल येथे झाली. इफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातून सुमारे दहा किलो वजनाची गाठ काढली. तिच्या पोटात गर्भ आहे अशीच सर्वांची आधी समजूत होती. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. ही स्त्री सुमारे साठ मैल घोड्यावर बसून शस्त्रक्रियेसाठी आली होती. पांढुर्ण्याहून नागपूर साधारण तेवढेच दूर आहे. त्यानंतर ती बत्तीस वर्षे जगली.

या यशानंतरही पुढील अर्धे शतक ही शस्त्रक्रिया अत्यंत धोक्याची मानली गेली. हा समज बदलण्याचे श्रेय लंडनच्या स्पेन्सर वेल्स यांना बरेचसे जाते. १८८० पर्यंत त्यांच्या एक हजार शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. त्यांपैकी २३१ स्त्रिया दगावल्या. वेल्स यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी यशाबरोबर अपयशाच्याही नोंदी ठेवल्या व त्या प्रसिद्ध केल्या. पहिल्या शंभरातील मृत्यूंपेक्षा शेवटच्या शंभरातील मृत्यू बरेच कमी होते, हे त्यामुळेच दिसून आले. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या वॉशिंग्टन अॅटली यांनी अंडाशयाच्या गाठींचे निदान व त्यांतील फरक यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोणत्या पोटाला हात घालावा व कोणत्या घालू नये, हा विचार येथून शिस्तीने सुरू झालेला दिसतो.

विसाव्या शतकातील मोजमापे

१९३४ मध्ये अमेरिकेतील जो मीग्ज यांनी, गाठ पूर्ण निघत नसली तरी शक्य तेवढी काढावी, असे मत मांडले. या मताला आकड्यांचा आधार १९७५ मध्ये मिळाला. बोस्टनच्या ग्रिफिथ्स यांनी १०२ रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले की, शस्त्रक्रियेनंतर शिल्लक राहिलेल्या रोगाचा आकार जितका लहान तितके आयुष्य अधिक. तेव्हापासून 'किती काढले' यापेक्षा 'किती उरले' हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. शिल्लक राहणार हे आधीच कळले तर मोठी चिरफाड टाळता येईल, हा विचार त्यातूनच पुढे आला.

१९८० नंतर तीन प्रकारची साधने हाती आली. पहिले साधन रक्ततपासणीचे. रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांच्या संशोधनातून सीए-१२५ ही तपासणी विकसित झाली. १९९० मध्ये लंडनच्या जेकब्स व सहकाऱ्यांनी सोनोग्राफीतील खुणांचे गुण, पाळी थांबली आहे की नाही याचे गुण आणि सीए-१२५ चा आकडा यांचा गुणाकार करून एक निर्देशांक तयार केला. हा गुणाकार २०० च्या वर गेल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. लहान गावातील डॉक्टरालाही ही आकडेमोड कागदावर करता येते.

दुसरे साधन सीटी स्कॅनचे. यकृत, आतड्याचे आवरण, श्वासपटल इत्यादी ठिकाणी रोग किती पसरला आहे हे पाहून शस्त्रक्रियेचे यश वर्तविणारे निकष १९९० च्या दशकापासून मांडले गेले. तिसरे साधन दुर्बिणीचे. रोम येथील अॅना फागोत्ती व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात खुणांना प्रत्येकी दोन गुण देणारी पद्धत प्रसिद्ध केली. आठ किंवा अधिक गुण मिळाल्यास रोग समाधानकारकरीत्या काढता येणार नाही असे समजले जाते. नेदरलँड्समधील २०१ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. दुर्बिणीने आधी पाहिल्यास व्यर्थ ठरणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

अंदाज प्रतिकूल असल्यास दुसरा मार्गही उपलब्ध झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७० स्त्रियांच्या युरोपीय चाचणीत, आधी केमोथेरपी व मग शस्त्रक्रिया केल्यास आयुर्मान कमी होत नाही आणि शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू घटतात, असे आढळले. कोणत्या स्त्रीसाठी कोणता क्रम योग्य, हा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. म्हणूनच अंदाजाचे महत्त्व टिकून आहे.

अंदाजांच्या मर्यादा

हे अंदाज सर्वत्र सारखेच लागू पडतात काय? २००७ मध्ये अमेरिकेत एका संशोधनगटाने तयार केलेले सीटी स्कॅनचे निकष दुसऱ्या रुग्णालयांतील स्त्रियांना लावून पाहिले गेले, तेव्हा त्यांची अचूकता घटली. एका देशातील रुग्णालयांत ही स्थिती असेल, तर वेगळ्या देशात सावधगिरी अधिक हवी. भारतात आणखी एक अडचण आहे. पोटाच्या क्षयातही पोटात पाणी होते, सोनोग्राफीत गाठीसारखे दिसते आणि सीए-१२५ वाढते. क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या भागात केवळ आकड्यावरून कर्करोग ठरविल्यास, औषधाने बऱ्या होणाऱ्या स्त्रीच्या पोटावर विनाकारण शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो. म्हणून शक्य तेथे ऊतीचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते.

नोंदीचा प्रश्न

भारतात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुढे नागपूर व भोपाळ येथेही अशा नोंदण्या झाल्या. या नोंदणीचा नियम असा की, ठरलेल्या क्षेत्रातील रहिवाशांचीच गणना होते. त्यामुळे पांढुर्ण्याची स्त्री नागपुरात उपचार घेते तेव्हा ती नागपूर शहराच्या आकड्यात येत नाही, कारण ती तेथील रहिवासी नाही. आणि भोपाळच्या आकड्यातही येत नाही, कारण ती भोपाळची नाही. रुग्णालयाच्या कागदपत्रांत तिची नोंद राहते, पण तिच्या गावात दर लाखामागे किती स्त्रियांना हा आजार होतो, त्या कोणत्या टप्प्यावर येतात व नंतर त्यांचे काय होते, हे त्यावरून काढता येत नाही. १९५६ च्या सीमारेषेचा हा परिणाम सहसा लक्षात येत नाही.

ग्रामीण भागात नोंदणी अशक्य असते असे मात्र नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन माहिती गोळा करणारे कार्यकर्ते हा तिचा पाया होता. गावात हिंडणाऱ्या या माणसांमुळे लोकांना आजाराच्या लक्षणांची माहितीही होत गेली.

निष्कर्ष

मॅकडॉवेल यांच्या हाताच्या चाचपणीपासून फागोत्तींच्या गुणपद्धतीपर्यंतचा हा प्रवास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्रे बदलली, तरी अंदाजाचा आधार बदललेला नाही. आधीच्या स्त्रियांचे काय झाले याची प्रामाणिक नोंद, हाच तो आधार होय. ज्या भागातील स्त्रियांची नोंदच एकत्र होत नाही, त्यांच्यावर परक्या स्त्रियांच्या आकड्यांवरून निर्णय घेतला जातो.

या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांना करता येण्याजोगे काम आहे. सतत पोट फुगणे, थोड्या अन्नाने पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला होणे ही लक्षणे काही आठवडे टिकल्यास ती केवळ वाताची समजू नयेत, एवढे विद्यार्थिनींमार्फत घरोघरी पोहोचविता येईल. गावातील जन्म-मृत्यू व आजारांच्या नोंदी शास्त्रशुद्ध रीतीने, नावे गुप्त ठेवून, अभ्यासण्याचे प्रकल्पही हाती घेता येतील. हजारातील २३१ मृत्यू लपविले नाहीत म्हणूनच वेल्स यांच्यानंतरच्या स्त्रियांना त्यांचा लाभ झाला. पांढुर्णा-सौंसरच्या स्त्रियांनाही तसा लाभ व्हायचा असेल, तर आधी त्यांची मोजणी झाली पाहिजे.