‘चेक’ शब्द आला कुठून? बुद्धिबळातल्या राजापासून बँकेच्या चेकबुकापर्यंतचा प्रवास

‘मेसेज चेक कर’, ‘चेक वटला का?’, ‘चेक्सचा शर्ट’, ‘चेकमेट!’ दिवसभरात आपण ‘चेक’ हा शब्द किती वेळा वापरतो, याची गणतीच नाही. तपासणं, पैसे देण्याचा कागद, कापडावरच्या चौकटी आणि बुद्धिबळातली चाल यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका राजाशी आहे.

सुरुवात ‘शाह’पासून

भारतातला चतुरंग हा खेळ इराणमध्ये गेला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात पोहोचला. फारसीत राजाला ‘शाह’ म्हणतात. राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह!’ असा इशारा देत. हाच शब्द लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून बदलत इंग्रजीत ‘चेक’ झाला. ‘शाह मात’, म्हणजे राजा हतबल झाला, याचं ‘चेकमेट’ झालं.

अर्थ कसे वाढले?

शह मिळाला की राजाला मनासारखी चाल खेळता येत नाही. म्हणून ‘चेक’ म्हणजे रोखणं, लगाम घालणं. चुकांना लगाम घालायचा तर तपासावं लागतं, म्हणून ‘चेक’ म्हणजे तपासणं. चेकनाका, चेकअप हे सगळे याच अर्थाचे.

चौकटींचं कापडही बुद्धिबळाच्या पटावरूनच आलं. 12व्या शतकात इंग्लंडमध्ये सरकारी हिशेब पटासारख्या चौकटी असलेल्या कापडावर सोंगट्या सरकवून करत. त्यावरून तिथल्या खजिन्याला ‘एक्सचेकर’ नाव पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांच्या पदनामात ते आजही आहे.

मग बँकेचा चेक?

18व्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे खोटेपणा पकडण्यासाठी जपून ठेवलेलं स्थळप्रत. पुढे पैसे देण्याच्या कागदालाच हे नाव मिळालं. ब्रिटिश इंग्रजीत त्याचं स्पेलिंग ‘सी-एच-ई-क्यू-यू-ई’ होतं. त्यावर ‘एक्सचेकर’ची छाप आहे. अमेरिकेत मात्र तपासणं आणि बँकेचा चेक, दोन्हींचं स्पेलिंग एकच. तिथे हॉटेलच्या बिलालाही ‘चेक’ म्हणतात आणि आपल्या ‘ब्लू टिक’ला ‘ब्लू चेक’.

रोखण्याचा जुना अर्थ भारतीय कायद्यातही जाणवतो. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने चेक परत गेला आणि नोटीस मिळाल्यावरही 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

चेक प्रजासत्ताकाचं काय?

त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. ते नाव स्लाव्हिक भाषेतल्या लोकनामावरून आलं आहे.

मराठीतला भाऊबंद

फारसीतला तोच ‘शाह’ मराठीत ‘शह’ झाला. ‘शह देणं’, ‘शह-काटशह’, ‘मात करणं’ हे शब्दप्रयोग राजकारणाच्या बातम्यांत रोज दिसतात. म्हणजे ‘चेक’ आणि ‘शह’ हे एकाच घरातले दोघे, एक युरोप फिरून आपल्याकडे आला एवढंच.