गोगलगाय, गोड्या पाण्यातली

तळ्यात, भातखाचरात, विहिरीच्या कडेला राहणारा, पाठीवर शंख वागवणारा मृदुकाय प्राणी. फिशटँकमध्ये ती दोन वाटांनी येते. एक, दुकानातून हौसेने आणलेली; दुसरी, न विचारता आलेली. नव्या पाणवनस्पतीचे पान उलटून उजेडात धरले, की कधी कधी पारदर्शक जेलीचा लांबट ठिपका दिसतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढी अंडी असतात. काही दिवसांत काचेवर पिल्ले फिरू लागतात. ही बहुधा डावीकडे वळलेल्या शंखाची फायसेला. ती उभयलिंगी असल्यामुळे एकटी असली तरी वंश वाढवते. मेलानॉइडिस ही लांबट शंखाची गोगलगाय तर नराशिवाय थेट पिल्लेच घालते, दिवसा वाळूत दडते आणि रात्री वर येते.

दख्खनच्या तळ्यांतली सर्वांत देखणी गोगलगाय म्हणजे पायला ग्लोबोसा. तिला कल्ला आणि फुप्फुस असे दोन्ही असते. पाण्यात प्राणवायू कमी पडला, की ती मानेजवळची नळी लांब करून पाण्याच्या पृष्ठभागाला लावते आणि हवा आत घेते. हे दृश्य शांत बसून पाहण्यासारखे असते. उन्हाळ्यात तळे आटले, की ती चिखलात शिरते, शंखाचे झाकण घट्ट मिटते आणि पावसाची वाट पाहते. अंडी ती पाण्याबाहेर, ओल्या मातीत घालते. म्हणून तिच्यासाठी पाण्याच्या वर चार बोटे मोकळी जागा आणि घट्ट झाकण हवे, नाहीतर सकाळी ती फरशीवर सापडते.

शंख बनतो चुन्याचा, त्यामुळे पाणी कसे आहे यावर बरेच ठरते. हैदराबादेत मुसीकाठच्या मलकपेठेत काय किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला काय, जमिनीखाली ग्रॅनाइट आहे आणि बोअरचे पाणी बहुधा जड. बादलीवर पांढरे डाग पाडणारे हे पाणी गृहिणीला नकोसे, पण गोगलगायीला ते मानवते. फार मऊ, आम्ल पाण्यात शंखाचे टोक झिजून पांढरे पडते. नळाचे पाणी वापरायचे तर त्यातले क्लोरीन आधी घालवावे लागते. माशांच्या रोगावरचे तांबेयुक्त औषध मात्र टँकमध्ये चुकूनही घालू नये, कारण त्याची थोडी मात्राही गोगलगायींना मारते.

गोगलगाय टँक साफ करते, हे अर्धेच खरे. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात, त्यांनी ती शेवाळ खरवडते आणि हिरव्या काचेवर नागमोडी पट्टे उमटतात. पण ती स्वतःही घाण करते. टँकमध्ये तिची संख्या एकाएकी वाढली, तर माशांना खाणे जास्त पडते आहे, असे समजावे. मेलेली पायला लगेच काढावी. एक रात्र राहिली तरी पाण्याला असह्य वास येतो.

तळ्यातली गोगलगाय उचलून घरी आणू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस आढळल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये नोंदवले. त्या रोगाच्या कृमीची वाहक म्हणून बोट दाखवले गेले ते फेरिसिया टेनुइस या टोपीच्या आकाराच्या, अगदी बारीक गोगलगायीकडे. चपट्या चक्रासारखी इंडोप्लॅनॉर्बिस गुरांना होणाऱ्या अशाच रोगांच्या कृमी वाढवते. त्यांतल्या एका कृमीने नाकात गाठी होतात आणि जनावर घोरू लागते. तळ्याच्या पाण्यात हात घालताना हातमोजे घालणे म्हणूनच शहाणपणाचे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच मोठा. दक्षिण अमेरिकेतली पोमेशिया कॅनॅलिक्युलाटा 1980 च्या सुमारास तैवानात खाण्यासाठी नेली, ती सुटली आणि आशियातली भातरोपे फस्त करू लागली. टँकमध्ये जादा झालेल्या गोगलगायी म्हणून मुसीत, सरूरनगरच्या तळ्यात किंवा गटारात सोडू नयेत. त्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवाव्यात आणि मगच कचऱ्यात टाकाव्यात.