इंजिन न खोलता

दवनीवाड्यासारख्या गावात गाडी खटखट करू लागली की मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. वरून टकटक आली तर टॅपेट, खालून घुमली तर बेअरिंग. धानाच्या पैशातून घेतलेली जुनी गाडी. इंजिन खोललं की खर्च असा, की कधी ती अंगणातच राहते. म्हणून आधी ऐकायचं.

ही कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी. यंत्राच्या आतल्या हालचाली आवाजावरून ओळखता येतील, असं रॉबर्ट हूकने लिहिलं होतं. ते छापलं गेलं १७०५मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप आला १८१६मध्ये! त्याआधीच जेम्स वॉटच्या कारखान्यात वाफेचं इंजिन पेन्सिलीने कागदावर स्वतःच्या दाबाचा आलेख काढू लागलं होतं. आकार बिघडला की दोष कळे. वॉटच्या मंडळींनी ही युक्ती बरीच वर्षं लपवून ठेवली. धंदाच तो.

मला सगळ्यांत आवडते ती कॉम्प्रेशन चाचणी. प्लगच्या जागी गेज लावून दाब बघायचा. कमी आला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघायचा. आता वाढला तर रिंगा झिजल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट.

ऑइलही बोलतं. १९४६मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने डिझेल इंजिनांचं वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत तपासून आतली झीज ओळखली. तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंगवर संशय, लोखंड वाढलं तर लायनर-रिंगांवर. पण एका नमुन्याने भागत नाही. आधीच्या नमुन्यांशी ताडावं लागतं.