मात्र्योश्काचं वय

दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर व्यंगचित्रकार शंकर पिल्लई यांनी १९६५ मध्ये उभं केलेलं बाहुल्यांचं संग्रहालय आहे. हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून सुरू झालेला हा संग्रह सुमारे ८५ देश आणि सहा हजारांवर बाहुल्यांपर्यंत वाढला. अशी देशोदेशींची मांडणी पाहताना वाटतं की प्रत्येक बाहुली आपापल्या मातीत युगानुयुगं नांदत आली असावी. एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या रशियन मात्र्योश्काबद्दल तर हा समज जगभर आहे. तो खरा नाही. ती १८९० च्या दशकात मॉस्कोतल्या एका कार्यशाळेत जन्मली. वासिली झ्व्योझ्दोच्किन यांनी ती कातली आणि सर्गेई माल्युतिन या चित्रकाराने रंगवली. आठ जणींच्या त्या संचात सर्वांत बाहेर काळा कोंबडा धरलेली मुलगी होती आणि सर्वांत आत दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनानंतर तिला परदेशातून मागणी वाढली.

मग तिला लोककला कशाला म्हणायचं, ती बाजारासाठी घडवलेली वस्तूच नव्हे का? मला हा आक्षेप अपुरा वाटतो, कारण तो हाताचं वय मोजत नाही. पुढे जिथे ती बनू लागली, त्या रशियातल्या सर्गियेव्ह पोसादला खेळणी करणारी घराणी आधीपासून होती. तशाच सेम्योनोव्ह परिसरात लाकडी भांडी कातणारे होते. लिंडनचं लाकूड वर्षानुवर्षं सुकवायचं, सर्वांत आधी न उघडणारी चिमुकली बाहुली कातायची, मग तिच्या मापाने पुढचीचा खालचा भाग आणि शेवटी वरचा. हे सगळं बहुतांशी नजरेच्या अंदाजाने. असं कसब एका प्रदर्शनापुरतं येत नाही. म्हणूनच गावागणिक तिचं रूप बदललं: सेम्योनोव्हची पदरभर मोठा पुष्पगुच्छ मिरवते, पोल्खोव्स्की मैदान या गावची किरमिजी रंगात रानगुलाब लेते.

तिची कल्पना जपानी मूर्तीवरून आली असंही सांगतात. तसं असलं तरी तिचं रशियनपण उणावत नाही. सावंतवाडीचा गंजिफा पाहा: खेळ इराणाकडून आला, पण चिताऱ्यांनी पानांवर दशावतार रंगवले आणि तो आपला झाला. दिल्लीच्या संग्रहालयानेही भारतीय वेशभूषेच्या बाहुल्या स्वतःच्याच कार्यशाळेत घडवल्या आणि परदेशांशी देवाणघेवाण केली; १९८० मध्ये पोलंडच्या क्राकोव्हमधल्या बाहुली-प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. त्या बाहुल्याही वयाने मात्र्योश्काहून लहानच होत्या.