भारताचा राष्ट्रध्वज : घडण आणि बदल

केशरी, पांढरा व हिरवा असे तीन आडवे पट्टे आणि मधोमध चोवीस आऱ्यांचे निळे अशोकचक्र, ही रचना संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारली. त्याआधी चार दशके ध्वजाचे रंग आणि त्यांचे अर्थ बदलत होते. मादाम कामा यांनी १९०७ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकवलेल्या ध्वजावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेले होते. १९१७ च्या होमरूल ध्वजावर सप्तर्षी होते, तसा कोपऱ्यात युनियन जॅकही होता. कारण होमरूल चळवळीचे नेते टिळक व बेझंट यांची तेव्हाची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती.

आजच्या ध्वजाची वंशावळ १९२१ पासून लागते. बेझवाडा (आताचे विजयवाडा) येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल-हिरवा ध्वज दाखवला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. इतर सर्व समाजांसाठी गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा घालायला लावला. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती. पांढरा सर्वांत वर आणि लाल सर्वांत खाली होता, म्हणजे संख्येने लहान असलेल्यांना पहिला मान. हा ध्वज काँग्रेसने औपचारिक ठराव करण्याआधीच लोकांनी आपला मानला होता. १९२३ साली नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये तो नेण्यास बंदी झाली, तेव्हा जमनालाल बजाज आणि पुढे वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह झाला. देशभरातून आलेल्या हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी अटक पत्करली आणि ऑगस्टमध्ये ध्वजाची मिरवणूक त्याच भागातून गेली.

रंग समाजांत वाटून दिल्याची अडचण पुढे जाणवू लागली. शिखांनी आपल्याही रंगाची मागणी केली. ती रास्त होती, पण त्या वाटेने पट्टे वाढतच गेले असते. १९३१ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने सात जणांची ध्वज समिती नेमली. तीत पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर होते. समितीने संपूर्ण केशरी ध्वज व त्यावर चरखा सुचवला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत तो मान्य झाला नाही. तिरंगा राहिला, मात्र लालाऐवजी केशरी आला, पांढरा मधे गेला आणि रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही असे ठरावातच नमूद झाले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा. ध्वजाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. पुढचे त्या मानाने किरकोळ.

१९४७ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिचे डॉ. आंबेडकरही सदस्य होते, चरख्याजागी सारनाथच्या स्तंभावरील चक्र घेतले. चरखा एका बाजूने सरळ तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो, चक्राचे तसे होत नाही, असे कारण नेहरूंनी संविधान सभेत दिले. गांधीजींना चरखा जाणे रुचले नाही. एवढ्या हातांतून गेलेल्या ध्वजाचे श्रेय एकाच व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

त्यानंतर रचना बदलली नाही, वापराचे नियम बदलले. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकांना वर्षभर ध्वज लावण्याची मुभा दिली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वज लावण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टर व यंत्रावर तयार केलेले ध्वजही चालू लागले. खादीचे ध्वज नांदेड आणि हुबळी येथील खादी संस्था तयार करतात.