घरातलं आभाळ

मोहेंजोदडोच्या घरांचं दार बहुधा बोळात उघडायचं. आत शिरलं की मध्ये उघडं अंगण आणि त्याभोवती खोल्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी पेशवाईतल्या पुणेकराला परकी वाटली नसती. बाहेर जाड भिंत, आत आभाळ हा उपाय तापणाऱ्या मुलखांनी पुन्हा पुन्हा शोधला.

वाड्याचा चौक म्हणजे या उपायाचं मराठी रूप. रात्री उघडी फरशी निवते, जड गार हवा चौकात उतरते आणि ओसरीवरून खोल्यांत शिरते. दिवस तापला की गरम हवा वर निघून जाते. पण चौक गारव्यापुरता नव्हता. आडाचं पाणी, वाळवणं, मुंजी, बाळंतिणीचं कोवळं ऊन हे सगळं तिथेच. रोजचं काम होतं, म्हणून तो कुणी बुजवला नाही.

मुंबईच्या चाळींनीही चौक घेतला, भोवती गॅलरी फिरवली. पण भाड्याच्या हिशेबात मजले चढत गेले आणि चौकाचं तोंड अरुंदच राहिलं. खालच्या खोल्यांत दिवसाही अंधार असे. 1896 मध्ये प्लेग आला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. सरकारचा संशय मात्र अंधाऱ्या, कोंदट घरांवर होता. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला: खोलीच्या पायथ्यापासून एवढ्या कोनात वर काढलेली रेघ समोरच्या इमारतीला अडता कामा नये. म्हणजे इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा तरी समोर मोकळी हवी. आभाळ आता अंशांत मोजलं जाऊ लागलं.

या मापाने उजेड दिला, पण मोकळी जागा घराच्या पोटातून काढून कडेला नेली. तिथे वाळवण घालायला कोण जाणार? वाट्याला उरली बाल्कनी. 1960च्या दशकात एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करायचं याची मर्यादा, आला, चौरस फुटाचा भाव चढत गेला, आणि घरोघरी बाल्कन्या खोलीत ओढल्या गेल्या.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी घरातल्या आभाळाचा हा धागा दोन टोकांनी पकडला. 1983 मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या मुंबईतल्या उंच इमारतीत त्यांनी प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची बाग कोरली. समुद्राचा वारा आत यावा, पश्चिमेचं ऊन आणि पाऊस मात्र थेट खोलीत शिरू नये, हा हेतू. त्याच दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत त्यांनी सात-सात साधी घरं सुमारे आठ मीटरच्या अंगणाभोवती मांडली.

बेलापुरातली अनेक मूळ घरं रहिवाशांनी वाढवली किंवा पाडून नव्याने बांधली. त्यांना तशी मुभा होती; घराला घराची भिंतच जोडलेली नव्हती. सामाईक अंगण मात्र एकट्याला खोलीत ओढता येत नाही. कोनाच्या नियमाला पळवाट निघते, बाल्कनीला काच लागते. सात घरांचा वावर असलेली जागा गिळायची तर आधी सहा शेजाऱ्यांशी भांडावं लागतं.