बीड जिल्ह्यांतील गायरानाचा लढा

गांवच्या गुरांच्या चराईसाठीं राखून ठेविलेल्या सरकारी जमिनीला गायरान म्हणतात. ती बहुधा खडकाळ, माळरानाची असते. परंतु बीड जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासांत या माळरानाला जें महत्त्व आलें, तें काळ्या जमिनीलाही क्वचितच आलें असेल. ज्यांना गांवानें पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेविलें, त्यांनीं माणूस म्हणून उभें राहण्याचा आपला हक्क याच जमिनीवर सांगितला.

हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. महार-मांगांकडे गांवकीचीं कामें असत, त्यांबद्दल बलुतें मिळे. पण मालकीची शेती फार थोड्यांच्या नांवावर होती. ज्याचें घर, ज्याची मजुरी आणि ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर, त्यानें अन्यायाविरुद्ध तोंड उघडावें तरी कसें? डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनीं हें मर्म नेमकें ओळखलें होतें. १९५९ सालीं, आणि पुन्हां ६ डिसेंबर १९६४ पासून, त्यांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांस द्यावी, ही त्यांतील प्रमुख मागणी होती. सत्याग्रहींनीं हजारोंच्या संख्येनें तुरुंग भरले.

मागणी मान्य होण्याची वाट न पाहतां अनेकांनीं गायरानावरील दगड वेचले आणि तेथें बाजरी पेरली. सरकारच्या दप्तरीं हें अतिक्रमण ठरे. पंचनामा होई, दंड बसे, गांव नमुना १-ई मध्यें नोंद पडे. पुढें २७ डिसेंबर १९७८ च्या शासननिर्णयानें अशीं अतिक्रमणें नियमित करण्याचा मार्ग उघडला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयानें ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभापर्यंत, वाढली. त्यामुळें एक नवल घडलें. ज्या दंडाच्या पावतीनें भूमिहीनाला अपराधी ठरविलें होतें, तीच आतां त्याच्या ताब्याचा पुरावा झाली! ज्यानें ती जपली, त्याची बाजू बळकट. जिची वाळवी झाली, किंवा ज्याची नोंद दप्तरांत झालीच नाहीं, तो वर्षानुवर्षें नांगर धरूनही कागदावर तेथें नव्हताच.

कागदाचें आणि एकजुटीचें हें महत्त्व लोकांना पटवून देण्याचें कार्य एकनाथ आवाड यांनीं केलें. त्यांचा जन्म १९५६ सालीं दुकडेगांव येथें एका मांग कुटुंबांत झाला. वडील पोतराज, अंगावर आसूड ओढून भिक्षा मागण्याचा तो परंपरेचा जोगवा. मुलानें शिक्षण घेतलें आणि वडिलांच्या जटा कापल्या. घरापासून आरंभिलेलें हें बंड पुढें तेलगांवांतून जिल्हाभर पसरलें. १९९० सालीं त्यांनीं मानवी हक्क अभियान स्थापन केलें. लोक त्यांना आदरानें 'जीजा' म्हणत.

एकट्यानें नांगर धरला तर त्याला हुसकून लावणें सोपें. वीस कुटुंबांनीं एकदम धरला तर पोलिसांनाही दखल घ्यावी लागे. उभ्या पिकांत गुरें सोडणें, गिरणीचें दळण व दुकानाचा माल बंद करणें, मजुरीस न बोलावणें, हीं गांवच्या बहिष्काराचीं जुनीं हत्यारें होतीं. त्यांना उत्तर एका वस्तीजवळ नव्हतें. तें शेजारच्या दहा गांवांजवळ होतें. म्हणून मांग, महार, पारधी यांनीं आपसांतील उंच-नीचता टाकून एकत्र येणें अवश्य होतें. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार होताच. स्त्रियांचे बचत गट निघाले, तेव्हां अडीअडचणीस सावकाराच्या किंवा मुकादमाच्या दारीं जाण्याची गरजही कमी झाली.

गुरें पाळणाऱ्यांची तक्रार सर्वस्वीं खोटी होती, असें नव्हे. चराईचें रान सर्वांचेंच असतें. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला. परंतु त्याच निकालांत भूमिहीन मजूर व अनुसूचित जाति-जमातींना शासनानें दिलेल्या जमिनींचा अपवादही नमूद केला. श्रीमंताची हांव आणि उपाशाची गरज एकाच मापानें मोजतां येत नाहीं, हाच त्याचा अर्थ.

एकनाथ आवाड २५ मे २०१५ रोजीं निवर्तले. त्यांच्या हयातींत अनेकांचीं नांवें सात-बाराच्या उताऱ्यावर चढलीं, अनेकांचीं राहिलीं. दसरा सरतांच बीडचें हजारों मजूर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. त्यांतील ज्याच्या घरीं आपल्या वावराची दोन पोतीं बाजरी आहे, त्याला उचल थोडी कमी घेतली तरी चालतें, आणि गांवांत कोणी अपमान केला तर मान वर करून उत्तर देतां येतें. खडकाळ माळाचा हा लढा त्या दोन पोत्यांसाठीं आणि त्या वर केलेल्या मानेसाठीं होता.